नाखरेसाहेबांचा अग्निसूचक वर्ग

ज्या माणसानं जव्हार संस्थानाला आग कशी ओळखावी हे शिकवलं, त्याला स्वतःला आगकाडी ओढता येत नसे. बळवंतराव नाखरे चिरूट तोंडात धरून मान पुढे करत आणि डोळे मिटून घेत. पट्टेवाला काडी ओढून चिरूट पेटवी, काडी विझवी, पायाखाली चुरडी आणि "झालं, साहेब" म्हणे. मग साहेब डोळे उघडत. हे मी कचेरीच्या ओसरीवर कितीतरी वेळा पाहिलं आहे, आणि पाहताना दरवेळी माझ्या मनात एकच विचार आला आहे. तो इथे लिहिण्यासारखा नाही.

नाखरे जव्हारात कसे आले ते सांगतो. एका शिमग्याच्या सुमारास संस्थानची गवताची वखार जळाली. वर्दी मिळाली नाही असं नव्हतं. वखारीचा राखणदार वेळेत धावत आला होता. पण कारभारी जेवायला बसले होते, आणि जेवण होईपर्यंत राखणदाराला अंगणात उभं करून ठेवण्यात आलं. कारभाऱ्यांनी ताक पिऊन चूळ भरली तेव्हा वखारीचं छप्पर खाली आलं होतं. कुणाही शहाण्या माणसानं यातून एवढंच काढलं असतं की, असा माणूस आला तर त्याला आत घ्यावं. दरबारनं असं काढलं की आगीची वर्दी देण्याचं एक खातंच हवं. खातं म्हटलं की अधिकारी हवा. अधिकारी मुंबईहून आला.

आपण एका मोठ्या कापडगिरणीत आगीच्या बंबावर मुख्य होतो असं नाखरे सांगत. पुढे त्यांच्या ओळखीच्या एका गृहस्थाकडून मला कळलं की ते त्या गिरणीच्या फाटकावर कामगारांची हजेरी घेत. बंब फाटकाच्या आत डाव्या हाताला उभा असे, एवढाच त्यांचा संबंध. पण त्यांच्याकडे पितळी बटणांचा खाकी कोट होता. तो ते वैशाखातही गळ्यापर्यंत बंद ठेवत. बुटके, रुंद, आवाजानं किरटे. चालताना मागे एक वेठिया त्यांची घडीची खुर्ची घेऊन चाले. दुसऱ्याच्या खुर्चीवर ते बसत नसत. "आगीला शिस्त नसते, म्हणून माणसाला असावी लागते," हे त्यांचं वाक्य दिवसातून एकदा तरी कानावर पडे, आणि ते उच्चारून झालं की स्वतःच मान डोलावत, जणू दुसऱ्याच कुणी म्हटलं आहे.

गावात तीन ठिकाणी सागाचे उंच माच उभारून त्यांवर पितळी घंटा टांगल्या. चौथी घंटा मोखाड्याच्या बाजारासाठी ठेवली. आग दिसली की माचावरच्या माणसानं तीन टोल द्यायचे, थांबायचं, पुन्हा तीन द्यायचे. माझ्या अंदाजानं हे शिकवायला एक सकाळ पुरली असती. नाखऱ्यांनी त्याचा सहा महिन्यांचा वर्ग केला, वर्गाला परीक्षा जोडली, परीक्षेला सनद जोडली आणि सनदेला छातीवर लावायचा पितळी बिल्ला. ज्याच्याकडे बिल्ला नाही त्यानं घंटेच्या दोरीला हात लावायचा नाही असा हुकूमही काढवून घेतला. मी तेव्हा दरबारच्या शाळेत दुय्यम मास्तर होतो. वर्गाची हजेरी लिहायला कुणीतरी लागतं म्हणून सकाळच्या वेळी मला तिथे बसवण्यात आलं.

वर्ग कचेरीच्या मागच्या आंब्याखाली भरे. गावातले काही राखणदार येत, पण बरेचसे उमेदवार साखरशेत, जामसर आणि आसपासच्या पाड्यांवरचे शेतकरी असत. आगीच्या शास्त्राची त्यांना गोडी होती असं नाही. दरबारनं बिल्लेवाल्याला वेठ माफ केली होती, हे खरं कारण. ज्यांनी वेठ पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. कोणीही अंमलदार दौऱ्यावर निघाला की पाड्यावर निरोप जाई, आणि ज्याचं नाव निघेल त्यानं हातचं काम टाकून साहेबाचे तंबू, पेट्या, कोंबड्या, प्रसंगी साहेब स्वतः, हे सगळं डोक्याखांद्यावरून पुढच्या मुक्कामी पोचवायचं. मोबदला म्हणून फार तर शिव्या.

साखरशेतचा रूपजी हा असाच एक उमेदवार. तिशीचा, सडसडीत, उतरत्या खांद्यांचा. आदल्या उन्हाळ्यात त्याचा राब जाळायच्या दिवसांत त्याला वेठीला धरून नेलं होतं. आमच्या डोंगरात भात-नाचणीचं रोप करायचं तर पाऊस पडण्याआधी वाफ्यावर पाला, फांद्या, शेण रचून जाळावं लागतं. त्याला राब म्हणतात. राब राहिला की रोप राहिलं, आणि रोप राहिलं की वर्ष गेलं. रूपजी परत आला तोवर पाऊस पडून गेला होता. त्या वर्षी त्याच्या घरानं कडूकंद उकडून खाल्ले. तो मला म्हणाला होता, "मास्तर, माना पगार नको, टोपी नको. बिल्ला दे. मग माझा राब मी जाळीन." बिल्ला मी देणार नव्हतो. पण त्याला सरकारातली सगळी माणसं एकच वाटत.

नाखऱ्यांची शिकवण्याची तऱ्हा अशी. ते खुर्चीत बसत, पाय दुसऱ्या स्टुलावर ठेवत आणि छापील मराठीत सुरुवात करत: "अग्नी हे पंचमहाभूतांपैकी एक असून त्याचे दाहक व प्रकाशक असे द्विविध स्वरूप आहे." जी माणसं घरी निराळीच बोली बोलत आणि बाजारापुरती मराठी जाणत, ती हे वाक्य आरतीसारखं एका सुरात म्हणत. दाहक शब्दाशी सगळे अडखळत. अडखळेल त्यानं त्या दिवशी साहेबांच्या बंगल्यावर "प्रात्यक्षिकाला" जायचं. प्रात्यक्षिक म्हणजे पाणी भरणं, लाकडं फोडणं, आणि बाईसाहेबांच्या म्हशीला गवत कापून आणणं. मला वाटतं त्या वर्षी जव्हारात सर्वांत धष्टपुष्ट म्हैस तीच असावी.

पहिल्या परीक्षेत नाखऱ्यांनी रूपजीला विचारलं की अग्नीचे प्रकार किती. रूपजीनं थोडा विचार केला आणि शांतपणे उलट विचारलं, "तू किती पाह्यलंस?"

उमेदवार हसले. रूपजी उद्धटपणे बोलला नव्हता. त्याच्या बोलीत राजालाही तू आणि देवालाही तूच. पण नाखऱ्यांचा चेहरा कोटाच्या बटणासारखा झाला. नापास. दुसऱ्या खेपेला रूपजी "साहेब" आणि "तुमी" घोकून आला, आणि त्या घोकण्यात व्याख्या विसरला. पुन्हा नापास.

तिसऱ्या खेपेची गोष्ट मात्र मला आजही घशाखाली उतरत नाही. मोखाड्याची घंटा बसवायला नाखरे निघायचे होते. सकाळी जव्हारात परीक्षा घ्यायची आणि मग तट्टावरून निघायचं असा बेत होता. सामान आदल्या दिवशीच पुढे पाठवलं होतं. घंटा, पेट्या, बिछाना, खुर्ची, लोणच्याची बरणी. ते सामान नेणाऱ्या वेठियांत रूपजी होता. परीक्षेत त्याचं नाव पुकारलं गेलं. मी उठून म्हणालो की तो आपलंच सामान घेऊन मोखाड्याला गेला आहे.

"असेल," नाखरे म्हणाले. "पण इथे आहे का?"

"नाही."

"मग गैरहजर लिहा. कारण कुणाचंही असो, मास्तर, गैरहजर तो गैरहजर."

मी लिहिलं. संध्याकाळी आम्ही मोखाड्याला पोचलो तेव्हा रूपजी बाजाराच्या कडेला घंटेपाशी उकिडवा बसला होता. नापास झाल्याचं नाखऱ्यांनीच त्याला सांगितलं, तट्टावरून उतरता उतरता, आणि बिछाना घालायला सांगितला.

मोखाड्याची परीक्षाही मी पाहिली. तिथल्या एका किराणा दुकानदाराला आपल्या मुलाला बिल्ला हवा होता. त्याला वेठ कुणी लावणार नव्हतं, पण लग्नाच्या वाटाघाटीत बिल्ला बरा दिसतो. दुकानदारानं साहेबांना जेवायला बोलावलं. पुरणपोळी होती, वर तुपाची धार होती, आणि मुलगा वाढायला होता. तिसऱ्या पोळीनंतर दुकानदार हात जोडून म्हणाला, "साहेब, मुलाला काहीतरी विचारा."

"विचारतो," नाखरे म्हणाले, आणि ताटात पाहून, "मीठ कुठाय?"

मुलानं मीठ आणलं.

"पास," नाखरे म्हणाले. ते विनोद करताहेत असं मला वाटलं. पण दुसऱ्या दिवशी सनद लिहून झाली. त्या मुलाला माचावर चढायची भीती वाटे. तो कधीच वर गेला नाही. पुढे मी मोखाड्याला गेलो तेव्हा माचाच्या दांड्यांवर दुकानदारानं मिरच्या वाळत घातल्या होत्या. मोखाड्यात त्या काळात आग लागली नाही, ही दैवाची गोष्ट.

जव्हारात मात्र चैत्र संपता संपता घंटा वाजली. राजवाड्याकडच्या माचावर गावातला एक बिल्लेवाला बसला होता, पेठेतला, डोंगरात कधी न उतरलेला. दुपारी त्यानं पाहिलं तर चहूबाजूंना धूर. जामसरकडे धूर, साखरशेतकडे धूर, दरीपलीकडे धूर. त्यानं शिकवल्याप्रमाणे तीन टोल दिले आणि मग भीतीनं देतच राहिला. अख्खी पेठ हंडे-घागरी घेऊन रस्त्यावर आली. बायका मुलांना काखोटीला मारून धावल्या, एका सराफानं तिजोरीवर ओली गोणपाटं टाकली. आग कुठेच नव्हती. राब जळत होते. दरवर्षी जळतात. खेड्यांतल्या पोरासोरांना ठाऊक असलेली ही गोष्ट अग्निसूचक वर्गात मात्र सांगायची राहून गेली होती, कारण ती नाखऱ्यांनाच ठाऊक नव्हती.

दरबारनं जाब विचारला. दुसरा कोणी शरमला असता. नाखऱ्यांनी लोकांचाच दोष काढला. लोक बेशिस्तपणे धावले म्हणून गोंधळ झाला, असं त्यांनी कळवलं, आणि दवंडी पिटवली: यापुढे घंटा ऐकून कोणी जागचं हलू नये. बिल्लेवाला येऊन आग कुठे ते सांगेपर्यंत जिथे असाल तिथे उभे राहावे. धावेल त्यास दंड. दवंडीवाला पाड्यापाड्यावर गेला. लोकांनी ऐकलं आणि पाळलंही. आमच्याकडचे लोक सरकारचं फार ऐकतात, ही त्यांची मोठी खोड.

पुढच्या वर्षी रूपजी पास झाला. आता त्याला दाहक आणि प्रकाशक दोन्ही येत होतं. म्हशीचा माजही बहुधा पुरेसा झाला असावा. पण बिल्ला लगेच मिळणार नव्हता. इंग्रजांच्या एजन्सीचे गोरे साहेब फाल्गुनात जव्हारला येणार होते, त्यांच्या हस्ते समारंभ व्हायचा होता. तोवर बिल्ले नाखऱ्यांच्या पेटीत. "साहेबांच्या हातून घेशील तेव्हा तो बिल्ला. आत्ता तो पितळेचा तुकडा," असं त्यांनी रूपजीला समजावलं. रूपजीनं मला दोनदा विचारलं की समारंभ राबाच्या आधी ना. मी हो म्हणालो.

समारंभ गावाच्या कडेच्या माळावर होता. मांडव, पताका, गाद्या, गुलाबपाणी. मधोमध गवताची एक खोपटी मुद्दाम बांधली होती. ती पेटवायची, रूपजीनं जवळच्या नव्या माचावरून तीन टोल द्यायचे, बाकीच्या उमेदवारांनी पाणी मारायचं, मग साहेबांनी बिल्ले लावायचे. गर्दी दिसावी म्हणून माळाखालच्या पाड्यावरची झाडून सगळी माणसं बोलावून आणली होती. बायका, म्हातारी, लेकरं, सगळी दोरीच्या पलीकडे ओळीनं उभी होती. वारं सकाळपासून सुटलेलं होतं. कुणीतरी पट्टेवाल्यानं ते बोलूनही दाखवलं. नाखरे म्हणाले, वेळ ठरलेली आहे.

खोपटी पेटली. रूपजीनं तीन टोल दिले, थांबला, पुन्हा तीन दिले. स्वच्छ, एकसारखे. गोऱ्या साहेबांनी टाळ्या वाजवल्या, म्हणून सगळ्यांनी वाजवल्या. उमेदवार पाणी घेऊन पुढे झाले. तेवढ्यात वाऱ्याचा एक झोत आला आणि खोपटीचं जळतं छप्पर अख्खंच्या अख्खं उचललं गेलं, हवेत फुटलं आणि त्याचे तुकडे माळाच्या कडेवरून खाली गेले. खाली पाडा होता. कारवीच्या कुडांची, गवतानं शाकारलेली घरं. मांडवातून पाडा दिसत नव्हता. माचावरून दिसत होता.

रूपजी घंटा बडवू लागला.

लोकांना वाटलं कार्यक्रमच आहे. पुन्हा टाळ्या झाल्या. नाखरे हसतमुखानं माचाखाली गेले आणि दबक्या आवाजात म्हणाले, "रूपजी, झाले टोल. उतर."

"पाडा पेटला, साहेब."

"तीन म्हणून शिकवलं होतं. उतर खाली."

"पाडा पेटला," रूपजी वरून म्हणाला, आणि बडवतच राहिला.

तोवर कडेवरून धूर वर येऊ लागला होता. गोऱ्या साहेबांनी काठीनं दाखवून हे काय म्हणून विचारलं. मी चार हातांवर होतो. नाखरे वळले, वाकले आणि एक क्षणही न दवडता म्हणाले, "राब आहे, साहेब. इकडचे लोक या दिवसांत शेतं भाजतात." ज्या गोष्टीचं अज्ञान त्यांनी वर्षभर मिरवलं होतं, तिचं ज्ञान त्यांना अगदी वेळेवर आठवलं.

दोरीपलीकडची माणसं उभी होती. घंटा वाजत होती, म्हणून उभी होती. हलायचं नाही अशी दवंडी होती. आपल्याच घरांचा धूर वर येताना ती पाहत होती आणि बिल्लेवाला येऊन सांगायची वाट पाहत होती. शेवटी एका म्हाताऱ्या बाईनं दोरी उचलली आणि तिच्याखालून वाकून निघाली, मग सगळीच धावली. पण कडेवरून खाली जायची पाऊलवाट लांबून आहे. ती पोचली तेव्हा घरांचे वासे तेवढे उभे होते. कणगीतली बियाण्याची नाचणी जळाली होती. सगळी माणसं समारंभाला आलेली असल्यामुळे कुणी मेलं नाही. नाखऱ्यांनी पुढे ही गोष्ट समारंभाचा फायदा म्हणून कागदावर मांडली.

साहेबांनी त्या संध्याकाळी बिल्ले वाटले. रूपजीचा बिल्ला तबकातच राहिला.

दुसऱ्या दिवशी रूपजी कचेरीत आला. मी हजेरीचं बाड बांधत होतो. नाखरे चिरूट ओढत होते. रूपजीनं आपलं काय चुकलं ते विचारलं. आवाज चढवला नाही. पाडा खरंच पेटला होता एवढंच पुन्हा सांगितलं.

"आग खरी होती, ते कोण नाकारतंय?" नाखरे म्हणाले. त्यांचा सूर जवळजवळ मायेचा होता, आणि मला त्याचाच जास्त राग आला. "पण घंटा परीक्षेची होती. परीक्षेच्या घंटेला तीन टोल. खऱ्या आगीसाठी वाजवायची तर परीक्षा संपल्यावर वाजवायची. तुला सनद नाही, आणि सनदेवाचून घंटेला हात लावलास. दंड केला नाही हे माझे उपकार समज."

"मग वेठ?"

"वेठीचं माझ्या खात्यात येत नाही."

समारंभाचा अहवाल वर गेला. घंटा वेळेवर वाजली, असं त्यात होतं, आणि ते खोटंही नव्हतं. महिन्याभरात नाखऱ्यांना शालजोडी मिळाली, आणि काठेवाडातल्या एका मोठ्या संस्थानानं अग्निसूचक वर्ग काढण्यासाठी त्यांना मागून घेतलं. जव्हारच्या घंटांना बिल्लेवाले होते तोवर होते. मग त्या पितळेच्या भावानं गेल्या. मी असं ऐकलं आहे की त्यातली एक आटवून केलेल्या परातींत दरबारच्या मुदपाकखान्यात पुढे बरीच वर्षं कणीक मळली जात होती. त्या घंटांचा तेवढाच उपयोग झाला.

नाखरे निघाले ते वैशाखात. त्यांना घाट उतरून डहाणूच्या स्टेशनाकडे जायचं होतं. मी निरोपाला नव्हे, शाळेची दोन बाकं त्यांच्या सामानात गेली होती ती परत मागायला घाटाच्या तोंडाशी गेलो होतो. सामान खूप होतं. डोलीला चार माणसं, पेट्यांना आणखी, आणि म्हैस मागून चालत. पेट्यांच्या वेठियांत रूपजी होता. दरीत जिकडेतिकडे राबांचे धूर उठले होते. तो एकदाही तिकडे बघत नव्हता.

नाखरे डोलीत बसले, आणि बसल्यावर त्यांना काहीतरी आठवलं. त्यांनी लेखणी मागवली, गुडघ्यावर एक कागद ठेवून झोकात चार ओळी लिहिल्या, सही केली, शाई सुकायला वाळू घातली आणि रूपजीला जवळ बोलावून कागद दिला. "घे. माझ्या मनात कुणाबद्दल अढी नसते. सनद सनद करत होतास ना?"

रूपजीनं कागद दोन्ही हातांत घेतला आणि सरळ माझ्याकडे आणला. "मास्तर, वाच."

मी वाचला. त्यात लिहिलं होतं की साखरशेतचा रूपजी हा इसम आमच्या पूर्ण माहितीचा असून अवजड ओझे न सांडता, न कुरकुरता लांबवर नेतो, करिता दौऱ्यावरील सर्व अंमलदारांनी वेठीच्या कामी त्यास अवश्य पाचारण करावे.

"याच्यावर वेठ माफ?" रूपजीनं विचारलं.

मी त्याला कागदात काय आहे ते त्याच्या भाषेत सांगितलं. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. त्यानं ऐकून घेतलं. मग कागदाच्या दोन घड्या घातल्या, तो डोक्यावरच्या फडक्याच्या चुंबळीत खोचला आणि खाली बसला. दोघांनी पेटी उचलून त्याच्या डोक्यावर ठेवली. तो उठला आणि उतारावर चालू लागला.

डोली पुढे निघाली होती. पहिल्या वळणावर नाखऱ्यांनी पडदा सारून मागे मान काढली, पेटी कुठे आहे ते पाहिलं, पेटीखाली आपला कागद कुठे आहे तेही पाहिलं, आणि त्यांच्या किरट्या आवाजात ओरडले, "अरे, सांभाळून. सही चुरगळेल."